कच्चा खिळा

फकरुद्दीन मिस्त्रीला एक खोड होती. बिघडलेली वस्तू दुसऱ्या कुणाच्या हातात दिसली की त्याला चैन पडत नसे. लग्नाच्या पंगतीला बसला तरी याचं लक्ष कोपऱ्यात फुरफुरणाऱ्या बत्तीकडे. घास तसाच टाकून उठायचा, बत्तीची पिन साफ करायचा आणि मगच पुन्हा ताटावर बसायचा. मुरुम गावात त्याचं दुकान म्हणजे चार पत्रे, एक भाता, एक ऐरण आणि भिंतीला टांगलेले पान्हे. तेवढ्यावर तो तेलघाणीच्या इंजिनापासून शिंप्याच्या मशिनीपर्यंत सगळं नीट करी. हातात कसब होतं आणि त्या कसबाचा त्याला गर्व होता. गर्वाचं आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढे जे झालं ते त्याच्यापायीच झालं.

शांतलिंग त्याचा जिवाभावाचा दोस्त. लिंगायताचं घर, बरी शेती, अंगाने आडवा आणि बोलण्यात कंजूष. दोघांनी निजामाच्या शाळेत एकाच मौलवी मास्तरांच्या छड्या खाल्ल्या होत्या. अठ्ठेचाळीस साली पोलीस ॲक्शन झाली, तेव्हा सगळ्या मुलखात जे वारं सुटलं ते लोक आजही मोठ्याने बोलत नाहीत. त्या आठ दिवसांत फकरुद्दीनची बायको हमिदाबी आणि त्याची म्हातारी आई शांतलिंगच्या माजघरात होत्या, खुद्द फकरुद्दीन कडब्याच्या गंजीत होता, आणि दाराशी शांतलिंगचा धाकटा भाऊ धुळाप्पा मांडीवर कुऱ्हाड घेऊन बसला होता. धुळाप्पाला तेव्हा मिसरूडही धड फुटलं नव्हतं. माणसं आली, त्याच्याकडे पाहून गेली. पुढे कुणी तो विषय काढला की धुळाप्पा हसून म्हणायचा, “म्या काय केलं? म्या नुसता बसलो होतो.”

त्रेपन्न साली शांतलिंगने सोलापूरहून डिस्पोजलचा, म्हणजे सरकारने लिलावात काढलेला, डॉज आणला. मोठ्या लढाईत वापरलेली मिलिटरीची गाडी, मातकट हिरवी, उंच चाकांची. तिच्या पुढच्या बंपरवर लोखंडी रीळ होतं आणि रिळावर करंगळीएवढा जाड तारेचा दोर. इंजिनाच्या जोराने रीळ फिरायचं, दोर गुंडाळत जायचा आणि समोरचं वजन ओढून आणायचा. याला विंच म्हणतात, असं विकणाऱ्याने सांगितलं. पण ते विंच काही फिरत नव्हतं. पहारीने हलवलं तरी जागचं हलेना.

“हे काय आणलंस?” फकरुद्दीन म्हणाला.

“गाडी आणली. हे तिच्यासंगं आलं. काढून टाकू का?”

“खबरदार हात लावशील तर!”

तो सबंध पावसाळा फकरुद्दीन त्या विंचाच्या मागे होता. डबा उघडला तर आतलं तेल शेणासारखं झालेलं, निम्मं पाणी. सगळे भाग त्याने महिनाभर रॉकेलमध्ये भिजत घातले. आतल्या मोठ्या पितळी चाकाचे दात एका अंगाने झिजले होते. नवीन चाक कुठून आणणार? त्याने दोन दिवस त्या चाकाकडे बघत विड्या ओढल्या, आणि तिसऱ्या दिवशी ते चाक उलटं करून बसवलं. म्हणजे न झिजलेली बाजू भार घेऊ लागली. तेल गळू नये म्हणून चांभाराकडून कमावलेल्या चामड्याच्या चकत्या कापून आणल्या. दोर अख्खा उलगडून उन्हात टाकला. हाताला पोत्याचे तुकडे गुंडाळून त्याची वीत न् वीत चाचपली, तुटक्या तारांचे काटे चिमट्याने काढले, जळकं तेल चोळलं. मग दोराचं टोक चिंचेच्या बुंध्याला बांधलं आणि विंच सुरू केलं. गाडी स्वतःच्याच जोराने हळूहळू चिंचेकडे ओढत गेली आणि दोर रिळावर घट्ट, वळाला वळ लावून बसला. दोर सैल गुंडाळला तर पहिल्या जोरातच वळ एकमेकांत रुततात, हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. अर्धं गाव बघायला जमलं होतं. लोकांनी तोंडात बोटं घातली, आणि मिस्त्री मान खाली घालून हात पुसत राहिला. हात मघाशीच पुसून झाले होते.

एकच गोष्ट त्याला कळली नाही. इंजिनाकडून विंचाकडे येणाऱ्या दांड्याला जिथे जोड होता, तिथे एक आडवा खिळा होता. भार वाढला की तो तुटायचा. नवा घातला, तोही तुटला. शेवटी तो सोलापूरला पाशामियाँकडे गेला. पाशामियाँ मिलिटरीच्या वर्कशॉपमध्ये उभी हयात घालवलेले फिटर. म्हाताऱ्याने तुटका खिळा तळहातावर घेतला आणि हसला.

“बेटा, हा मोडायसाठीच असतो. दोराला झेपणार न्हाय एवढा जोर आला की आदी यानं मोडायचं. हा मोडला म्हंजे दोर वाचला, दोर वाचला म्हंजे माणूस वाचला. मऊ लोखंडाचा घालत जा. मोडू दे त्याला.”

फकरुद्दीनने ते गाठीशी बांधून ठेवलं. मऊ सळईचे खिळे तो स्वतः घासून करी आणि तंबाखूच्या डबीत ठेवी. घरात त्या मऊ खिळ्याला नाव पडलं कच्चा खिळा.

मुरुमच्या काळ्या मातीत पावसाळ्यात काय काय रुततं, ते तिथल्या माणसालाच विचारावं. मालमोटारी रुतायच्या, बैलगाड्या आसापर्यंत जायच्या, एकदा तर वरातीची मोटार नवरा-नवरीसकट नाल्यात बसली. शांतलिंगचा डॉज बोलावणं आलं की निघायचा. शांतलिंग गाडीत विंच चालू-बंद करायच्या दांड्यावर, धुळाप्पा दोराचं टोक घेऊन चिखलात, आणि फकरुद्दीन बाजूला उभा राहून इंजिनाचा आवाज ऐकत. खंडेनवमीला तिघं मिळून विंच उघडायचे, तेल बदलायचे, दोर चोळायचे. मग शांतलिंग त्याच्यावर विभूतीची तीन बोटं ओढी आणि नारळ मात्र फकरुद्दीनच्या हातून फोडून घेई. धुळाप्पाची बायको पार्वतम्मा त्या दिवशी त्याला हुग्गी, म्हणजे गव्हाची खीर, दिल्याशिवाय सोडत नसे. ती त्याला अण्णा म्हणे. सहा वर्षं असं चाललं, आणि फकरुद्दीनच्या आयुष्यात त्याहून सुखाची वर्षं आली नाहीत.

कच्चा खिळा मात्र मोडायचा. हंगामात दहा-बारा वेळा तरी. मोडला की अर्धा तुकडा भोकात अडकून बसे. तो ठोकून काढायचा, भोक साफ करायचं, नवा खिळा नेमका बसवायचा. हे काम फकरुद्दीनशिवाय कुणाला येत नव्हतं. येत नव्हतं म्हणजे त्याने येऊ दिलं नव्हतं. धुळाप्पा दोनदा म्हणाला होता, “मिस्त्री, मला दाखवा की. तुमी नसला तर अडायला नको.” दोन्ही वेळा फकरुद्दीनने हसण्यावारी नेलं. “हे काय नांगर हाणायचं काम हाय का?” म्हणाला. धुळाप्पा बापडा हसला. हुन्नर दुसऱ्याच्या हातात गेला की मिस्त्रीला कोण विचारतं, ही भीती त्याच्या मनात होती. तशी ती प्रत्येक कारागिराच्या मनात असते, पण म्हणून ती चांगली होत नाही.

एकोणसाठच्या भादव्यात तेरला त्याच्या बहिणीच्या, चाँदबीच्या, लेकीचं लग्न निघालं. मामाला दोन दिवस आधी जाणं भाग होतं, आणि पाऊस तर धो धो पडत होता. शांतलिंग दुकानात येऊन बसला.

“तू चाललास. इकडं खिळा मोडला तर?”

“न्हाय मोडत.”

“असं कसं?”

“मी म्हणतो ना. चार दिवस न्हाय मोडत, जा.”

त्या दुपारी त्याने एका जुन्या इंजिनाच्या व्हॉल्व्हची दांडी कापली. लई कडक पोलाद. ती घासून, चकचकीत करून त्याने जोडात बसवली. धुळाप्पाला दहा मिनिटं शेजारी बसवलं असतं, डबीतले चार कच्चे खिळे दिले असते, तर काम भागलं असतं. ते त्याच्या मनात आलंही होतं. पण त्याने पोलाद घातलं. चारच दिवसांचा तर प्रश्न आहे, परत आलो की काढू, असं म्हणून तो तेरला गेला.

परत आला तेव्हा शांतलिंग खूश होता. चार दिवसांत तीन मालमोटारी निघाल्या आणि विंच एकदाही थांबलं नाही. “तू काय जादू केलीस?” त्याने विचारलं. फकरुद्दीनने मिशीत हसून उत्तर टाळलं. उद्या काढू म्हणाला, मनात. उद्या दुसरं काम आलं. परवा पाऊस होता. आणि लोक म्हणू लागले होते की आता मिस्त्रीचं विंच मोडत नाही. ते ऐकायला कानाला गोड लागत होतं. असे तीन आठवडे गेले.

दसऱ्याला पाच दिवस होते. आलूरच्या वाटेवरच्या नाल्यात शेंगांच्या पोत्यांनी भरलेली मालमोटार मागच्या चाकांनी रुतली होती. डॉज समोरच्या काठावर उभा केला, साखळीने बाभळीला बांधला. धुळाप्पाने हुक अडकवला आणि तो मोटारीच्या अंगालाच, चाकाशी लावलेल्या दगडांपाशी उभा राहिला. दोरावर ओली पोती टाकली होती; दोर तुटलाच तर उडू नये म्हणून ती रीत त्यांनी कधी मोडली नव्हती.

“थोरले, आदी माती उकरू,” धुळाप्पा ओरडला. “लई खोल गेलीया.”

“येळ झालाय. निघंल,” शांतलिंग गाडीतून म्हणाला.

विंच सुरू झालं. दोर ताणला, बाभळीची साल कुरकुरली, इंजिनाचा आवाज जड होत होत खाली आला. फकरुद्दीनला तो आवाज पाठ होता. इथे खिळा मोडतो. सहा वर्षं नेमका इथेच मोडत आला होता: टक असा आवाज व्हायचा, इंजिन मोकळं व्हायचं आणि सगळे हसत-शिव्या देत माती उकरायला लागायचे. त्या दिवशी टक झालं नाही. फकरुद्दीनच्या मनात एकच आलं, ओरडावं, थांबवावं. एका श्वासाचा वेळ होता. पण त्याच श्वासात मालमोटार वीतभर पुढे सरकली, काठावरचे लोक ओरडले, “आली! आली!” आणि त्याला वाटलं, निघेल. तो गप्प राहिला.

दोर हुकाजवळ तुटला, पोत्यांच्या पलीकडे. तुटकं टोक धुळाप्पाच्या छातीवर बसलं. तो मागे दगडांवर पडला आणि पुन्हा उठला नाही. पार्वतम्माला कळवायला माणूस निघाला, तोवर सगळं संपलं होतं.

धुळाप्पाला बसवून पुरलं, त्यांच्या रितीप्रमाणे, कपाळाला विभूती आणि तळहातावर इष्टलिंग. फकरुद्दीन खड्ड्याच्या कडेला उभा होता. त्याने माती टाकली. टाकतच राहिला, तेव्हा शेजारच्याने त्याला दंडाला धरून बाजूला घेतलं, म्हणाला, “मिस्त्री, सबूर करा.” लोकांना वाटलं, दोस्ताचा भाऊ गेला म्हणून. त्याला स्वतःची शिसारी आली.

दुसऱ्या दिवशी पोलीस आले, पंचनामा झाला. शांतलिंगने एवढंच सांगितलं, “दांडा माझ्या हातात होता. भाऊ थांब म्हणला, म्या ऐकलं न्हाय. माझ्या हातानं झालं.” फकरुद्दीन तिथेच होता. त्याला दोर जुना होता का म्हणून विचारलं. तो म्हणाला, “व्हय, जुना होता.” हे खरं होतं. खरं बोलूनही माणूस किती मोठं खोटं बोलू शकतो, ते त्याला त्या दिवशी समजलं.

तेराव्याच्या आत पार्वतम्माच्या कानावर सगळं गेलं होतं. माती उकरू म्हणाला होता, थोरल्याने ऐकलं नाही. ती भर सोप्यात, पाहुण्यांदेखत शांतलिंगला म्हणाली, “एका टोपलीची माती न्हाय काढवली तुमच्यानं? एका टोपलीची?” शांतलिंगने मान खाली घातली. दुसऱ्या दिवशी तिचा भाऊ सोमलिंग गाडी घेऊन आला आणि ती दोन्ही लेकरांना घेऊन आळंदजवळच्या आपल्या माहेरी गेली. आळंद आता म्हैसूर राज्यात गेलं होतं. नकाशावर रेघ पडून तीन वर्षं झाली होती, त्या घराला ती आता जाणवली. शांतलिंगला मूलबाळ नव्हतं. धुळाप्पाची लेकरं त्याच्या मांडीवर वाढली होती. तो दोनदा आळंदला गेला आणि दोन्ही वेळा दाराबाहेरूनच परत आला.

फकरुद्दीन मूग गिळून बसला. सांगायचं ठरवून तो किती वेळा घरून निघाला, त्याला गणती नाही. वाटेत त्याला अठ्ठेचाळीस साल आठवे. सांगितलं तर लोक काय म्हणतील? मिस्त्रीने मुद्दाम पोलाद घातलं, असं म्हणायला कितीसा वेळ लागतो? हमिदाबी, पोरी, दुकान. मग तो वळून दुसऱ्याच रस्त्याने जाई. ही भीती खरी होती, खोटी नव्हे. पण तिच्याआड दुसरी एक होती, आणि ती त्याने स्वतःलाही धड सांगितली नाही: शांतलिंग आपल्याकडे कसा बघेल, ही. शांतलिंगही दुकानात यायचा बंद झाला होता. रस्त्यात भेटला तर “बरं हाय?” म्हणायचा आणि पुढे जायचा. दुःखात आहे, असं फकरुद्दीन स्वतःची समजूत घालायचा.

डॉज गोठ्याशेजारी ताडपत्रीखाली पडून राहिला. सात महिने गेले. वैशाखात बसवजयंती झाली आणि दुसऱ्या दिवशी शांतलिंग दुकानासमोर येऊन उभा राहिला. वाळला होता. आत बसला नाही.

“डॉज विकायचा हाय. उमरग्याचा कल्याणप्पा घेतो म्हणतो. त्याला विंच चालू पायजे. उघडून नीट करून दे.”

“मी?”

“तुझ्याबिगर कुणाला येतंय ते?”

एवढं बोलून तो गेला.

फकरुद्दीन दुसऱ्या दिवशी सकाळी पान्हे घेऊन गेला. शांतलिंग शेतावर होता. फकरुद्दीनने ताडपत्री काढली. रिळावर तुटका दोर सैल पडला होता, गंजून लाल झालेला. डब्याच्या तळाचा बूच काढला तर आधी पाणी आलं, मग तेल. कोंबड्यांनी बंपरवर घाण केली होती. हे सगळं बघून त्याचे हात आपोआप कामाला लागले, आणि थोडा वेळ तो फक्त मिस्त्री होता. तुटक्या तारा कापल्या, रीळ सुटं केलं, चामड्याच्या चकत्या कडक झाल्या होत्या त्या बाजूला ठेवल्या. शेवटी जोडापाशी यायचंच होतं. ते पोलाद आधी काढायचं, गुपचूप खिशात घालायचं आणि आलूरच्या नाल्यात फेकून द्यायचं, असं त्याने ठरवलं होतं. तो गाडीखाली उताणा झोपला आणि जोडावरची माती चिंधीने पुसली.

तिथे पोलाद नव्हतं. मऊ लोखंडाचा खिळा होता.

त्याने तो ठोकून काढला. एका बाजूला जाड, एका बाजूला बारीक, कानशीचे ओरखडे वेडेवाकडे. हा त्याच्या हातचा नव्हता. कारागिराला दुसऱ्याचा हात ओळखायला चिठ्ठी लागत नाही. कुणीतरी अडाणी हाताने, खूप वेळ घालवून, जिद्दीने घासला होता. फकरुद्दीन गाडीखाली तसाच पडून राहिला. मग त्याला रडू आलं.

दुपारी शांतलिंग शेतावरून आला. फकरुद्दीन डॉजच्या सावलीत मातीत बसला होता. खिळा त्याच्या समोर होता. शांतलिंगने तो पाहिला आणि खांद्यावरचा टॉवेल घेऊन शेजारी बसला.

“कधी काढलास?” फकरुद्दीनने विचारलं.

“त्याच दिशी. पोलीस यायच्या आदी.” शांतलिंगचा आवाज सपाट होता. “दोर तुटला, म्हंजे खिळा मोडला न्हाय. सहा वर्सं बगतुया म्या, एवढं कळत न्हाय व्हय मला? खाली शिरून बगितलं. पोलाद. पोलिसांनी बगितलं असतं, लोकांनी बगितलं असतं, तर तुला जित्ता ठेवला असता का? म्हणून काढलं. रातच्याला हा घासला आन घातला.”

“आन माझ्या हातानं झालं म्हणून सांगितलंस.”

“ते बी खोटं न्हाय. माती उकरायला पायजे होती.”

“शांतलिंग, माझी चूक झाली. मी चार दिवसांसाठी...” फकरुद्दीनने खिळा उचलून मुठीत धरला. “मला सांगायचं होतं रे. रोज सांगायचं होतं. भ्यालो मी.”

“म्हायत हाय.” शांतलिंगने पहिल्यांदा त्याच्याकडे पाहिलं. “पर म्या वाट बगितली, फकरू. मातीच्या दिशी बगितली, तेराव्याला बगितली. पार्वतम्मा गेली तवा वाटलं, आज तरी येईल. रोज दारात बसून तुझी वाट बगायचो. तू आला असतास तर तुझ्या गळ्यात पडून रडलो असतो म्या. भाऊ गेला, आन रडायला तू न्हाईस. सात महिनं वाट बगून दमलो, तवा म्हणलं विंचच उघडायला लावू.”

फकरुद्दीनने त्याचे पाय धरले. शांतलिंगने ते सोडवून घेतले नाहीत आणि त्याला उठवलंही नाही.

“मी पार्वतम्माकडं जातो,” फकरुद्दीन म्हणाला. “तिला सांगतो.”

“विचार कर. बाईमाणूस हाय, तिच्या तोंडून चार जणांत जाईल. म्या मग काय करू शकणार न्हाय.”

“जाऊ दे.”

पहाटेच्या मोटारीने तो निघाला. हमिदाबीला त्याने सगळं सांगितलं होतं. ती भिंतीला टेकून ऐकत राहिली, मग उठून तिने त्याला भाकरी बांधून दिली. जाऊ नका म्हणाली नाही.

पार्वतम्मा माहेरच्या अंगणात डाळ पाखडत होती. त्याला पाहताच ती उठली, “या अण्णा,” म्हणाली आणि पाणी आणलं. त्याने तांब्या घेतला नाही. उभ्यानेच सांगायला लागला. कच्चा खिळा काय असतो इथपासून सांगितलं. धुळाप्पाने दोनदा शिकव म्हटलं होतं, तेही सांगितलं. तेवढं गाळता आलं असतं, पण त्याने गाळलं नाही. एका श्वासाचा वेळ होता आणि मी ओरडलो नाही, हेही सांगितलं. शांतलिंगने काय केलं ते सांगितलं. पार्वतम्मा खाली बसली. सूप तिच्या मांडीवरून घसरलं, डाळ अंगणात सांडली. आतून सोमलिंग बाहेर आला, त्याने शेवटचं ऐकलं होतं, आणि तो फकरुद्दीनच्या अंगावर धावला. पार्वतम्मा नुसती “अण्णा!” म्हणाली, भावाला की मिस्त्रीला ते तिलाच ठाऊक. सोमलिंग थांबला.

“थोरले काय बी बोलले न्हाईत,” ती म्हणाली. “म्या भर सोप्यात बोलले त्यांना. लेकरं तोडली त्यांच्यापास्नं. आन ते काय बी बोलले न्हाईत.” मग ती रडायला लागली. नवरा गेल्यावर ती अशी रडली नव्हती, असं सोमलिंगने पुढे सांगितलं.

चार दिवसांनी ती मुरुमला आली. सोमलिंगच्या गाडीतून, लेकरं आणि पेटी घेऊन. गावाने पाहिलं. गोष्ट गावभर झालीच. कुणी दुकानासमोर थुंकलं, कुणी कामं काढून घेतली, एका सकाळी पत्र्यावर दगड पडले. मग शांतलिंग एकदा चावडीवर गेला आणि म्हणाला, “माझ्या घरची गोष्ट हाय. माझी मी बगीन.” त्यानंतर दगड पडले नाहीत.

विंचाचं काम फकरुद्दीनने पुरं केलं. कल्याणप्पाच्या माणसाला शेजारी बसवून त्याने खिळा काढायला आणि घालायला शिकवलं, दहादा करून घेतलं, तो माणूस कंटाळला तरी सोडलं नाही. डॉज उमरग्याला गेला. आता त्या घराशी त्याचं काही काम उरलं नव्हतं. तरी एका संध्याकाळी त्याला राहवलं नाही. लेकरं आलीत, बघून यावं, म्हणून तो गेला. आतून धुळाप्पाच्या धाकट्या लेकीचं हसणं ऐकू येत होतं आणि शांतलिंगचंही. सात महिन्यांत त्याने शांतलिंगला हसताना ऐकलं नव्हतं. त्याला इतकं बरं वाटलं की तो उंबऱ्यापाशीच थांबून ऐकत राहिला.

पार्वतम्मा बाहेर आली. तिने डोक्यावरचा पदर नीट केला.

“अण्णा, तुमी इथं येऊ नका आता,” ती हळू म्हणाली. “राग न्हाय. तुमी आलात, सांगितलंत, म्हणून म्या घरी आले. हे म्या मरेस्तवर इसरायची न्हाय. पर तुमाला बगितलं की मला त्यो नालाच दिसतो. म्या काय करू?”

आतलं हसणं थांबलं होतं. शांतलिंगने ऐकलं असणार. फकरुद्दीनने दाराकडे पाहिलं आणि वाट बघितली. आतून कुणी हाक मारली नाही.

“खरं हाय बाई,” तो म्हणाला. “लेकरांना सांभाळा.”

तो घरी आला तेव्हा हमिदाबी चुलीपुढे होती. त्याचा चेहरा बघून तिने परात बाजूला सारली.

“क्या हुआ जी?”

“कुछ नहीं. बच्चे हँस रहे थे,” तो म्हणाला, आणि तिच्या शेजारी जमिनीवर बसून लहान मुलासारखा रडला.